पहाडात ऊन मुबलक, तरीही ‘ड’ जीवनसत्त्वाचा तुटवडा

पहाडात राहणाऱ्या माणसाला उन्हाची काय ददात, असे मैदानी प्रदेशातील कोणालाही वाटेल. हवा स्वच्छ, धूळ-धूर कमी, आकाश निळेशार आणि ऊन असे प्रखर की, तासभर बाहेर फिरले तरी नाक-गाल भाजून निघावेत. लेह-लडाखची सहल करून परतलेले मराठी पर्यटक आठवडाभर आपली रापलेली कातडी मिरवत असतात, ते याच उन्हामुळे. मात्र, ज्या हिमालयात हे ऊन पडते, त्याच हिमालयाच्या कुशीत पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या माणसांच्या रक्ताची तपासणी केली असता, सूर्यप्रकाशापासून शरीरात तयार होणाऱ्या ‘ड’ जीवनसत्त्वाची मोठी कमतरता त्यात आढळून येते. काश्मीर खोरे, हिमाचल प्रदेश आणि पलीकडचे तिबेटचे पठार, अशा तिन्ही ठिकाणी संशोधकांना थोड्याफार फरकाने हेच चित्र दिसले आहे.

श्रीनगर येथील शेर-ए-काश्मीर वैद्यकीय विज्ञान संस्थेतील डॉ. अब्दुल हमीद झरगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा याविषयीचा शोधनिबंध २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. वरकरणी पूर्ण निरोगी असलेल्या, १८ ते ४० वर्षे वयाच्या ९२ काश्मिरी स्त्री-पुरुषांची तपासणी त्यात करण्यात आली होती. त्यांपैकी ७६ जणांमध्ये, म्हणजे सुमारे ८३ टक्के लोकांमध्ये, ‘ड’ जीवनसत्त्व कमी आढळले. एक चतुर्थांश लोकांमध्ये ही कमतरता तीव्र स्वरूपाची होती. केवळ ९२ जणांच्या पाहणीवरून संपूर्ण खोऱ्याविषयी निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल, हे खरे. परंतु या निबंधातील खरी बोलकी आकडेवारी एकूण टक्केवारीची नाही, तर गटवार टक्केवारीची आहे. नोकरीनिमित्त घराबाहेर पडणाऱ्या गटात कमतरतेचे प्रमाण सुमारे ७० टक्के होते. घरकामात दिवस जाणाऱ्या गटात ते १०० टक्के भरले. पुरुषांमध्ये सुमारे ७७ टक्के, तर स्त्रियांमध्ये ९६ टक्के. गाव तेच, सूर्य तोच, पण घराच्या आत आणि बाहेर राहणाऱ्यांच्या रक्तात एवढी तफावत!

अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील डॉ. उमेश कपिल आणि सहकाऱ्यांनी पुढे हिमाचल प्रदेशातील शाळकरी मुलांची अशीच तपासणी केली. सिमला जिल्ह्याविषयीचा त्यांचा अहवाल २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातही ६ ते १८ वर्षे वयोगटातील दर दहा मुलांमागे नऊ मुलांमध्ये कमतरता आढळली. ही मुले काही पडद्यात राहणारी नव्हेत. मग ऊन जाते कुठे?

उंची वाढते, तसे ऊन वाढते

या प्रश्नाचे उत्तर शोधण्यापूर्वी उन्हाचे गणित समजून घेणे आवश्यक आहे. ‘ड’ जीवनसत्त्व हे नावापुरते जीवनसत्त्व आहे. अन्य जीवनसत्त्वे अन्नातून घ्यावी लागतात, हे मात्र प्रामुख्याने त्वचेत तयार होते. त्वचेमध्ये कोलेस्टेरॉलच्या कुळातील एक पदार्थ असतो. सूर्यप्रकाशातील अतिनील किरणांपैकी ‘ब’ प्रकारचे किरण त्यावर पडले की त्याचे रूपांतर ‘ड’ जीवनसत्त्वाच्या कच्च्या स्वरूपात होते. पुढे यकृत आणि मूत्रपिंड अशा दोन ठिकाणी त्यावर प्रक्रिया होऊन ते कामास योग्य बनते. त्याचे मुख्य काम म्हणजे आतड्यातून कॅल्शियम शोषून घेण्यास शरीराला मदत करणे. हे जीवनसत्त्व पुरेसे असेल, तर खाल्लेल्या कॅल्शियमपैकी ३० ते ४० टक्के शरीरात शोषले जाते. नसेल, तर जेमतेम १० ते १५ टक्के. उरलेले वाया जाते. रक्तातील कॅल्शियम कमी पडू लागले की शरीर ते हाडांतून काढून घेते. लहान मुलांची हाडे त्यामुळे मऊ राहून वाकतात, यालाच आपल्याकडे मुडदूस म्हणतात. मोठ्या माणसांमध्ये, विशेषतः वारंवार बाळंतपणे झालेल्या स्त्रियांमध्ये, हाच विकार अस्थिमृदुता या नावाने ओळखला जातो. कंबर, नितंब आणि मांड्यांत सतत दुखणे, जिना चढताना किंवा बैठकीवरून उठताना हाताचा आधार घ्यावा लागणे, ही त्याची लक्षणे. वयोमानाची किंवा थंडीची दुखणी समजून वर्षानुवर्षे त्यांच्याकडे दुर्लक्ष होते.

हे ‘ब’ किरण वातावरणातून येताना मोठ्या प्रमाणावर गाळले जातात. साहजिकच वातावरणाचा थर जितका पातळ, तितके ते अधिक. समुद्रसपाटीपासून दर एक हजार मीटर उंचीला अतिनील किरणांचे प्रमाण १० टक्क्यांनी किंवा त्याहून थोडे अधिक वाढते. श्रीनगर सुमारे १,६०० मीटरवर आहे, सिमला २,२०० मीटरवर, तर लेह ३,५०० मीटरवर. त्यातच ताजा बर्फ आपल्यावर पडलेल्या अतिनील किरणांपैकी ८० टक्क्यांपर्यंत किरण परावर्तित करतो. म्हणजे हिमाच्छादित प्रदेशात ऊन वरून येते तसे खालूनही येते.

या जीवनसत्त्वाचे ख्यातनाम अमेरिकी अभ्यासक डॉ. मायकेल हॉलिक यांच्या चमूने २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका लेखात हिमालयातीलच एक प्रयोग नोंदवला आहे. त्वचेत असणारा तो मूळ पदार्थ कुप्यांमध्ये भरून त्या आग्रा, काठमांडू आणि सुमारे ५,३०० मीटर उंचीवरील एव्हरेस्टचा पायथा तळ येथे नोव्हेंबरच्या उन्हात ठेवण्यात आल्या. ही सारी ठिकाणे जवळपास २७ अंश अक्षांशावर येतात, त्यामुळे फरक पडला तो मुख्यतः उंचीचा. एव्हरेस्टच्या पायथ्याशी ठेवलेल्या कुपीत ‘ड’ जीवनसत्त्वाचे कच्चे रूप आग्र्याच्या तुलनेत कित्येक पटींनी जास्त तयार झाले. उघड्या कुपीला पहाडातील ऊन पुरेपूर मिळते, हे यातून सिद्ध झाले. माणूस मात्र कुपीसारखा उघडा राहत नाही.

अक्षांशाचा दोष किती?

थंड प्रदेशात या जीवनसत्त्वाची कमतरता असते, याचे शाळेत शिकवले जाणारे कारण म्हणजे अक्षांश. हिवाळ्यात उत्तरेकडील देशांत सूर्य क्षितिजालगत राहतो, किरण तिरपे येतात, त्यांना वातावरणाचा लांब पल्ला कापावा लागतो आणि ‘ब’ किरण वाटेतच संपतात. याविषयीचा पायाभूत शोधनिबंध डॉ. हॉलिक आणि सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये प्रसिद्ध केला. ४२ अंश उत्तर अक्षांशावरील बोस्टन शहरात नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात त्वचेत हे जीवनसत्त्व तयारच होऊ शकत नाही, असे त्यात दाखवून देण्यात आले होते. त्याच निबंधात आणखी दक्षिणेकडील दोन अक्षांशांचाही उल्लेख आहे, ३४ अंश आणि १८ अंश. या दोन्ही ठिकाणी भर हिवाळ्यातही जीवनसत्त्व तयार होते, असे आढळले.

हे दोन आकडे भारतीय वाचकाने नकाशावर ठेवून पाहावेत. १८ अंशांचे वर्तुळ आपल्या पुण्याजवळून जाते, तर ३४ अंशांचे श्रीनगर आणि लेहवरून. म्हणजे काश्मीरचे खोरे बोस्टनइतके दुर्दैवी नाही. ते लॉस एंजलिसच्या रांगेत बसते. अर्थात पुण्याची सर त्याला नाही. २१ डिसेंबरच्या दुपारी पुण्यात सूर्य क्षितिजापासून सुमारे ४८ अंश वर असतो, श्रीनगरमध्ये जेमतेम ३२ ते ३३ अंश. या विषयातील तज्ज्ञ सामान्यांसाठी एक सोपी खूण सांगतात. आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड असेल, तेव्हाचे ऊन या जीवनसत्त्वासाठी कामाचे; सावली उंचीपेक्षा लांब असेल, तर फारसे नाही. या खुणेनुसार हिशेब मांडला, तर श्रीनगरमध्ये ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यापासून फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत भर दुपारीही सावली माणसापेक्षा लांब पडते. या चार महिन्यांत जीवनसत्त्व तयार होते, पण हळूहळू, अल्प प्रमाणात आणि कातडी उघडी असेल तरच. त्यात काश्मीर खोऱ्यात हिवाळ्यात ढगाळ हवामान आणि धुके यांचा मुक्काम असतो.

उलट उन्हाळ्यात श्रीनगरचा सूर्य जवळपास डोक्यावर, ७९ अंशांपर्यंत चढतो. मे ते ऑगस्टमध्ये ऊन भरपूर. लेहला तर वर्षातील बहुतांश दिवस आकाश निरभ्र असते. सारा दोष अक्षांशाच्या माथी मारायचा, तर उन्हाळ्याने हिवाळ्याची तूट बऱ्याच अंशी भरून काढायला हवी होती. ती तशी निघत नाही, कारण उन्हात आणि कातडीत मध्ये बरेच काही आहे.

फिरन, कांगडी आणि काचेची खोली

काश्मीरमध्ये २१ डिसेंबरला ‘चिल्लई कलां’ सुरू होतो. कडाक्याच्या थंडीचे हे ४० दिवस. पाणवठे गोठतात, नळ फुटतात आणि माणसे फिरनमध्ये शिरतात. फिरन म्हणजे गुडघ्याखालपर्यंत येणारा सैल लोकरी झगा. त्याच्या आत निखाऱ्यांची कांगडी धरलेली असते, त्यामुळे हातही बाहीबाहेर नसतात. डोक्यावर टोपी किंवा ओढणी. उन्हाला दिसतो तो फक्त चेहरा, आणि तोही वर्षातील कित्येक महिने. थंडीपासून बचावाची याहून सोयीची आणि स्वस्त व्यवस्था शोधून सापडणार नाही. पण ‘ड’ जीवनसत्त्वाच्या दृष्टीने ती जवळपास पूर्ण अंधारकोठडी आहे. घरातही ऊब राखायची म्हणून खिडक्या लहान, बंद आणि पडद्यांनी झाकलेल्या.

लडाखमधील घरांत मात्र हिवाळ्यात बसण्यासाठी दक्षिणेकडे काचेच्या तावदानांची खोली बांधण्याची पद्धत आहे. तिला ‘शेलखांग’ म्हणतात. बाहेर शून्याखाली तापमान असताना आत सूर्याच्या उष्णतेने सुखद ऊब असते आणि घरातील म्हातारी माणसे दिवसभर तेथे जप करीत किंवा लोकर कातत बसलेली दिसतात. ही माणसे उन्हात बसली आहेत, असे पाहणाऱ्याला वाटते आणि त्यांनाही वाटते. परंतु खिडकीची साधी काच नेमके ते ‘ब’ किरणच अडवते. उष्णता आत येते, उजेड आत येतो, जीवनसत्त्व बाहेर राहते. शहरातील बंद काचांच्या कार्यालयांत खिडकीशेजारची जागा मिळाल्याचा आनंद मानणाऱ्यांनाही हा नियम लागू आहे.

तिबेटच्या पठारावरील चित्र आणखी चक्रावून टाकणारे आहे. तेथील भटके पशुपालक चार हजार मीटरहून अधिक उंचीवर, उघड्या माळावर याकच्या कळपांमागे आयुष्य काढतात. घराबाहेर राहण्यात त्यांची बरोबरी जगात फारच थोडे लोक करू शकतील. तिबेटी आणि नॉर्वेजियन संशोधकांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका छोट्या पाहणीत मात्र याच पशुपालकांच्या रक्तात ‘ड’ जीवनसत्त्व सर्वांत कमी, जवळपास नाहीच म्हणावे इतके अल्प आढळले. विद्यार्थी, शिक्षक आणि शेतकरी यांची स्थिती त्यांच्यापेक्षा बरी होती. ‘चुबा’ हा तिबेटी पशुपालकांचा मेंढीच्या कातड्याचा झगा हाताच्या पंजांखालीही लोंबणाऱ्या बाह्यांचा असतो, हे ध्यानात घेतले म्हणजे या निष्कर्षाचे आश्चर्य थोडे कमी होते. त्यांच्या मुलांची स्थिती त्याआधीच जगासमोर आली होती. २००१ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ या प्रतिष्ठित नियतकालिकात तिबेटमधील सात वर्षांखालील दोन हजारांहून अधिक मुलांची पाहणी प्रसिद्ध झाली. त्यांपैकी सुमारे दोन तृतीयांश मुलांमध्ये मुडदुसाची लक्षणे होती. यात आहाराचाही वाटा आहे. भाजलेल्या जवाच्या पिठावर, म्हणजे ‘त्साम्पा’वर पोसल्या जाणाऱ्या मुलांना कॅल्शियम कमी मिळते आणि सालासकट दळलेल्या धान्यातील फायटिक आम्ल मिळालेल्या कॅल्शियमलाही अटकाव करते. ‘ड’ जीवनसत्त्व आणि कॅल्शियम ही जोडगोळी आहे. एक अपुरे असताना दुसरेही अपुरे असेल, तर हाडे तग धरत नाहीत.

शंभर वर्षांपूर्वीची नोंद

काश्मीरमधील ही समस्या रक्ततपासणीच्या युगात उजेडात आली, असे मानण्याचे कारण नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी श्रीनगरमध्ये स्त्रियांच्या रुग्णालयात काम केलेल्या डॉ. कॅथलीन व्हॉन या ब्रिटिश महिला डॉक्टरांनी १९२८ मध्ये ‘द पर्दा सिस्टिम अँड इट्स इफेक्ट ऑन मदरहुड’ हे पुस्तक लिहिले. शहरातील दाट वस्तीत, पडद्यात राहणाऱ्या स्त्रियांमध्ये कमरेची हाडे मऊ पडून वेडीवाकडी होतात आणि त्यामुळे प्रसूती अडते, असे त्यांनी पाहिले होते. त्याच शहरात झेलमच्या पात्रात नावांवर राहणाऱ्या हांजी समाजाच्या स्त्रिया मात्र दिवसभर उघड्यावर वल्ही मारीत, आणि त्यांची बाळंतपणे सहज होत. दोघींचे हवापाणी एकच. फरक उन्हाचा, असा त्यांचा निष्कर्ष होता. पडद्याविषयी लिहिताना त्यांच्या लेखणीत त्या काळच्या राज्यकर्त्या समाजाचा अहंभाव डोकावतो, हे नाकारता येत नाही. परंतु नावेतील आणि घरातील स्त्रियांची त्यांनी केलेली तुलना आणि २००७ च्या शोधनिबंधातील गटवार आकडे शेजारी ठेवले, तर मधल्या ८० वर्षांत फारसे काही बदलले नसल्याचे लक्षात येते. हिमाचलातील कांगडा खोऱ्यातील अस्थिमृदुतेचाही शास्त्रीय अभ्यास डॉ. डॅग्मार विल्सन यांनी १९३० च्या सुमारास केला होता. म्हणजे दोन्ही खोऱ्यांत धोक्याची सूचना फार पूर्वीच मिळाली होती.

या साऱ्याची सर्वांत मोठी किंमत मोजतात ती तान्ही मुले. आईच्या दुधात ‘ड’ जीवनसत्त्व मुळातच अत्यल्प असते. गर्भात असताना बाळाला जो साठा मिळतो, तो आईच्या साठ्यावर अवलंबून. आईच रिती असेल, तर बाळ रित्या हातांनी जन्माला येते. त्यात बाळ-बाळंतिणीला कित्येक आठवडे बंद, उबदार खोलीत ठेवण्याची रीत जवळपास सर्वच थंड मुलखांत आहे. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये जन्मलेल्या बाळाला मार्चपर्यंत ऊन दिसत नाही. अशा बाळाच्या रक्तातील कॅल्शियम एकाएकी घसरले, तर त्याला आकडी येते. ताप नाही, दुखापत नाही आणि बाळ अचानक झटके देऊ लागते, तेव्हा घरच्यांची गाळण उडते. बर्फाने रस्ते बंद असलेल्या गावात अशा वेळी रुग्णालय गाठायचे कसे, हा प्रश्न वेगळाच. वेळीच कॅल्शियम मिळाले, तर बाळ सावरते. आकडीचे कारण मात्र आईच्या रक्तात कित्येक महिने आधीपासून लिहिलेले असते. त्यामुळेच ‘इंडियन अ‍ॅकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्स’ या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने जन्मापासून एक वर्षापर्यंत प्रत्येक बाळाला रोज ४०० एकके ‘ड’ जीवनसत्त्वाचे थेंब द्यावेत, अशी शिफारस केली आहे. ही शिफारस पहाडी मुलांपुरती नाही, महाराष्ट्रातील बाळांसाठीही आहे.

कोवळ्या उन्हाचा समज

येथे आपल्याकडील एका समजुतीचा विचार करणे अप्रस्तुत ठरणार नाही. बाळाला तेल लावून सकाळच्या कोवळ्या उन्हात धरावे, हे मराठी घरांतील जुने शहाणपण. आजी-पणजींनी सांगितलेली ही गोष्ट ‘ड’ जीवनसत्त्वाशी हल्ली सर्रास जोडली जाते. बाळाला उघड्यावर नेण्याची सवय चांगलीच. परंतु सकाळी सात-आठच्या उन्हात सूर्य इतका खाली असतो की, ‘ब’ किरण त्यात नगण्य असतात. सावलीची खूण येथेही लावून पाहावी. कामाचे ऊन साधारण दहा-अकरापासून दुपारी दोन-तीनपर्यंतचे. पहाडात तर सकाळ-संध्याकाळचे ऊन अनेक गावांच्या वाट्याला येतही नाही. अरुंद दरीतील गावाला समोरचा डोंगर सकाळी उशिरापर्यंत आणि मागचा डोंगर दुपार कलताच सावलीत घेतो. अशा गावात मध्यान्हीचे दोन-तीन तास हाच काय तो सूर्य.

अर्थात, पहाडातील मध्यान्हीच्या उन्हात तासन्‌तास बसावे, असा याचा अर्थ नाही. त्याच अतिनील किरणांनी कातडी भाजते, डोळ्यांत मोतीबिंदू होतो आणि बर्फावर चष्मा न लावता चालणाऱ्याला तात्पुरते अंधत्वही येऊ शकते. सुदैवाने जीवनसत्त्वासाठी लागणारे ऊन फार नसते. उन्हाळ्यात हात, पाय आणि चेहरा आठवड्यातून काही वेळा, कातडी लाल होण्याच्या आधी आत यावे इतका वेळ उघडे राहिले तरी बरेच काम होते. सावळ्या कातडीला गोऱ्या कातडीपेक्षा अधिक वेळ लागतो. शिवाय उन्हाचा अतिरेक झाला तरी ‘ड’ जीवनसत्त्वाचा अतिरेक होत नाही. गरजेपेक्षा जास्त तयार झालेला कच्चा माल तेच ऊन निरुपयोगी पदार्थांत बदलून टाकते. निसर्गाने ही झडप उन्हासाठी ठेवली आहे, औषधासाठी ठेवलेली नाही, आणि काश्मीरमधील ताज्या समस्येचे मूळ नेमके येथे आहे.

कमतरता खोऱ्यात सर्वत्र आहे, हे डॉक्टरांना आणि औषध दुकानदारांना ठाऊक झाल्यानंतर अंगदुखीच्या प्रत्येक तक्रारीवर ‘ड’ जीवनसत्त्वाचे इंजेक्शन हा उपाय होऊन बसला. अशा एका इंजेक्शनमध्ये ६ लाख एकके असतात. प्रौढ माणसाची रोजची गरज भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०२० मध्ये ६०० एकके ठरवली आहे. म्हणजे एका सुईत एक हजार दिवसांचा शिधा! गंभीर कमतरतेत डॉक्टरांच्या देखरेखीखाली एखादे इंजेक्शन दिले जाते, त्यात गैर काही नाही. पण ते पुन्हा-पुन्हा, रक्त न तपासता, निरनिराळ्या दवाखान्यांतून घेतले गेले की हे जीवनसत्त्व चरबीत साठत जाते. मग रक्तातील कॅल्शियम धोक्याच्या पातळीवर चढते. उलट्या, बद्धकोष्ठता, सतत तहान, वजनात घट, भ्रमिष्टपणा आणि शेवटी मूत्रपिंडाला इजा, असा त्याचा क्रम आहे. शेर-ए-काश्मीर संस्थेतील डॉक्टरांनी २०११ मध्ये अशाच रुग्णांची माहिती वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केली. ज्या संस्थेने २००७ मध्ये तुटवडा दाखवून दिला होता, तिलाच चार वर्षांनी अतिरेकाचा इशारा द्यावा लागला. आठवड्याला एक घ्यायची ६० हजार एककांची पुडी रोज घेतल्यामुळे आजारी पडणारे रुग्ण तर मैदानी शहरांतही आढळतात. अमेरिकेतील एंडोक्राइन सोसायटीने २०२४ मध्ये जाहीर केलेल्या मार्गदर्शक सूचनांत निरोगी माणसांची सरसकट रक्ततपासणी करू नये, असेही म्हटले आहे. गर्भवती स्त्रिया, लहान मुले आणि वृद्ध यांना मात्र नियमित, माफक मात्रा देण्याकडे त्या सूचनांचा कल आहे.

मिठाने जमले, ते तेलाने जमेल?

अन्नातून हे जीवनसत्त्व मिळवणे सोपे नाही. तेलकट मासे, अंड्याचा पिवळा बलक, यकृत आणि उन्हात वाळवलेली अळिंबी, एवढीच त्याची यादी. काश्मिरी घरात रोज शिजणारी ‘हाक’ ही पालेभाजी कॅल्शियम देते, पण ‘ड’ देत नाही. म्हणून रोजच्या अन्नातच बाहेरून हे जीवनसत्त्व मिसळण्याचा मार्ग उरतो, आणि या मार्गाचा भारतातील पहिला मोठा प्रयोग पहाडातच झाला होता, याची आठवण फार थोड्यांना असेल. कांगडा खोऱ्यात घराघरांत गलगंडाचे रुग्ण होते. बर्फ आणि पावसाने डोंगराच्या मातीतील आयोडिन वाहून गेल्याचा तो परिणाम. डॉ. व्ही. रामलिंगस्वामी आणि सहकाऱ्यांनी १९५६ पासून या खोऱ्यातील एक लाखाहून अधिक वस्तीचे विभाग पाडून काही विभागांना आयोडिनयुक्त मीठ पुरवले, एका विभागाला साधे मीठ. काही वर्षांतच आयोडिनयुक्त मीठ खाणाऱ्या विभागांत गलगंड झपाट्याने कमी झाला. १९६२ मध्ये सुरू झालेला राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम या प्रयोगाच्या पायावर उभा राहिला. आज देशात प्रत्येकाच्या ताटात असलेले आयोडिनयुक्त मीठ ही कांगड्याची देणगी आहे.

‘ड’ जीवनसत्त्वाच्या बाबतीत अन्नसुरक्षा आणि मानके प्राधिकरणाने २०१८ च्या नियमांद्वारे दूध आणि खाद्यतेलात ‘अ’ आणि ‘ड’ जीवनसत्त्वे मिसळण्याची मानके ठरवून दिली. अशा पाकिटांवर अधिकचे चिन्ह आणि इंग्रजी ‘एफ’ अक्षर असलेली निळी मुद्रा असते. शहरात पिशवीतील दूध घेणाऱ्या कुटुंबापर्यंत ही योजना सहज पोहोचते. पहाडातील गावांत दूध पिशवीतून येत नाही; ते गोठ्यातील गाईचे असते, लडाखमध्ये याक आणि गाईच्या संकरातून झालेल्या ‘झोमो’चे. त्यात कोणी काही मिसळणार नाही. बाजारातून उंच गावांपर्यंत नियमित चढतात त्या मोजक्या वस्तू म्हणजे मीठ, साखर, चहा, तांदूळ आणि तेल. काश्मीरच्या स्वयंपाकात मोहरीचे तेल अनिवार्य आहे. मात्र त्यातील काही भाग गावच्या घाणीवर निघतो आणि तो या नियमांच्या कक्षेत येत नाही. हिवाळ्यापूर्वी वरच्या खोऱ्यांतील गावांत चार-पाच महिन्यांचा शिधा भरून ठेवला जातो. रस्ते बंद होण्याआधी गावात चढणाऱ्या तेलाच्या डब्यांवर ती निळी मुद्रा आहे की नाही, आणि ऑक्टोबरमध्ये प्रसूत होणाऱ्या आईच्या हाती बाळासाठी थेंबांची बाटली पोहोचली आहे की नाही, हे तपासण्यासाठी रक्ताच्या महागड्या चाचणीची गरज नाही.